बाबांची सपक बिअर

माझे सासरे, आमचे बाबा, चौतीस वर्षं कपडे धुण्याच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी बिअर करायला घेतली. मोजमाप इतकं चोख की औषधाच्या दुकानदाराने लाजावं. तरी बिअर दर वेळी सपक. ना फेस, ना बुडबुडा. सासूबाई म्हणायच्या, "चांगल्या धान्याचं पाणी करायला महिना घालवतात!"

एरवी आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण या खेपेला लंबूकाका येणार होते, बॉयलरवरचे बाबांचे जोडीदार. ते कायमचे लेकीकडे राहायला चालले होते, खूप दूर, आणि त्याआधी एक दुपार आमच्याकडे घालवणार होते. वीस वर्षांपूर्वी बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला आणि पाइप फुटला. सगळे बाहेर पळाले, बाबा आत पडले. वाफेने भरलेल्या त्या खोलीत परत शिरून लंबूकाकांनी त्यांना ओढून काढलं. काकांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बाबांनी आभार मानायला तोंड उघडलं की काका उठून चपला शोधायला लागायचे. "तो बोलूच देत नाही," बाबा मला म्हणाले. "निदान माझ्या हातची एक चांगली बिअर तरी पाजू दे त्याला."

बाटल्या भरल्यावर दोन दिवसांनी मला सुट्टी होती. सकाळी सातला कोठीच्या खोलीतून फुस्स, फुस्स असा आवाज आला. डोकावले तर बाबा एकेका बाटलीची तारेची कडी उघडून पुन्हा लावत होते.

"बाबा, हे काय चाललंय?"

"दाब सोडतोय. रोज सोडतो."

"रोज?"

"मग काय, कोंडून ठेवू आणि फुटू देऊ?"

मी कपाळावर हात मारला. मी बेकरीत काम करते, यीस्टच्या जिवावर माझं पोट चालतं, आणि माझ्याच घरात हा प्रकार! "अहो, बाटलीत साखर कशाला घालता? यीस्टने ती खाऊन गॅस करावा म्हणूनच ना? तो गॅस बिअरमध्ये मुरायला हवा. तुम्ही तर रोज सकाळी त्याला दार उघडून देताय!"

बाबा स्टुलावर बसले. मला आलेलं हसू त्यांचा चेहरा बघून जिरलं. दाब वाढला की माणूस मरतो, हे ते स्वतःच्या अंगावर शिकले होते.

बाटल्या जाड काचेच्या होत्या, साखर मोजून घातलेली होती. भिण्याचं कारण नव्हतं. पण भीतीला कारण कुठे लागतं? शेवटी त्यांनीच कोठीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. दोन आठवडे रोज सातला ते त्या दाराशी उभे राहायचे. एकदा किल्ली मागितली. मी दिली नाही. "बरं केलंस," म्हणाले आणि वर्तमानपत्र घेऊन बसले.

शेवटचे दोन दिवस बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या. लंबूकाका आले. बाबांनी कडी उघडली तशी फट्कन आवाज झाला, बाबा एक पाऊल मागे सरले, आणि ग्लासात चांगला दोन बोटं फेस चढला. मला अगदी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"अरे, ही तर खरीखुरी बिअर आहे!" मिशीवरचा फेस पुसत काका म्हणाले.

"लंब्या, त्या दिवशी तू आत आलास..."

काका उठले. मग काय वाटलं कोण जाणे, परत बसले. "ऐक, आता सांगूनच जातो. त्या सकाळी व्हॉल्व्ह तपासायची पाळी माझी होती. मी तपासलाच नाही. माझ्यामुळे पडलास तू आत. आभार कसले मानतोस?"

"ठाऊक आहे मला," बाबा म्हणाले. "नोंदवहीत तुझी सही नव्हती. कामावर परत आलो तेव्हा बघितलं."

सासूबाईंनी माझा हात धरला.

"तपासायला कोणीही विसरतं रे," बाबा म्हणाले. " त्या वाफेत परत शिरलास तो तू एकटाच."

काकांनी भाजलेला हात डोळ्यांवर धरला. मग म्हणाले, "वीस वर्षं माहीत होतं तुला?"

"हो. पी आता, फेस बसतोय."