निळ्ळू

सोमवार ते शुक्रवार माझी लेक शेजारच्या काकूंची असते. हे मी लोकांना हसत हसत सांगायचे, पण मला ते टोचायचं. आम्ही दोघंही नोकरीला. सकाळी तिला काकूंच्या हातात द्यायची आणि संध्याकाळी पेंगुळलेली परत घ्यायची. काकूंचं घर तेलुगू, त्यांचे यजमान मागावर टॉवेल विणतात. आमच्याशी मराठी बोलतात, घरात आपापसात तेलुगू. आम्ही दोघं सोलापुरात नवे, त्यामुळे त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. लेक पावणेदोन वर्षांची झाली तरी काकूंना 'अम्मा' म्हणायची आणि मला काहीच नाही. मी दिसले की पळत येऊन पायाला मिठी मारायची, पण हाक नाही. नवरा म्हणायचा, "येईल की गं, घाई काय आहे?" त्याचं काय जातंय, त्याला 'बाबा' म्हणून झालं होतं.

म्हणून शनिवार-रविवार माझे. या दोन दिवसांत मी तिला कुणाच्या मांडीवरसुद्धा बसू द्यायची नाही. कपडे तुंबोत, घर पसरो, आम्ही फिरायला निघायचो. तिनं मला हाक मारावी, एवढंच माझ्या डोक्यात असायचं.

त्या शनिवारी तलावावर गेलो. निघायच्या गडबडीत तिची पाण्याची बाटली ओट्यावरच राहिली. काठाकाठानं फिरताना माझा हात ओढून ती म्हणाली, "निळ्ळू." मी जागीच थांबले. आठवडाभर रोज झोपताना मी तिला चित्रांचं पुस्तक दाखवत होते, हे लाल, हे निळं. म्हणजे माझी शिकवणी फळाला आली होती. मी लगेच निळा फुगा घेतला. तिनं तो फेकला आणि पुन्हा म्हणाली, "निळ्ळू." मग निळं भिरभिरं घेतलं. त्यावर तिनं भोकाडच पसरलं. "हिला ऊन लागलंय," नवरा म्हणाला, आणि आम्ही रिक्षा करून घरी आलो. घरात शिरताच ती माठाकडे धावली. तहान लागली की ती नेहमीच बोटानं माठ दाखवायची. दोन पेले पाणी प्यायली आणि गप झाली. मी मात्र आईला फोन लावून सांगत होते, नात रंग ओळखायला लागली म्हणून.

आई सांगोल्याला असते. रविवारी तिच्याकडे गेलो. अंगणात टँकरचं पाणी साठवायचा मोठा निळा ड्रम आहे. गाडीतून उतरल्या उतरल्या लेक त्याच्याकडे धावली आणि दोन्ही हातांनी तो बडवत ओरडायला लागली, "निळ्ळू, निळ्ळू." मी आईकडे असं बघितलं, जसा काही तो ड्रम मीच घडवला होता.

"लई हुशार हाय की पोर," आई म्हणाली. शेजारच्या बायका बघायला आल्या. त्यांच्यासाठी मी पुन्हा विचारलं, "सांग, हे कसं आहे?" लेकीनं जमिनीवर अंग टाकलं आणि पाय झाडायला लागली.

आईनं तिला उचलून घेतलं. "तिचं व्हट बघ की, किती वाळल्यात. पानी पाज आदी. रंगाचं मागनं बघू." तिनं ड्रममधून तांब्या भरून घेतला. लेक घटाघटा प्यायली. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटलं, रडून रडून घसा कोरडा पडला असेल.

सोमवारी सकाळी काकूंच्या दारात मी तो निळा फुगाही घेऊन गेले. म्हटलं, यांनाही कळू दे, घरी आम्ही काही कमी शिकवत नाही. लेक काकूंच्या कडेवर गेली आणि म्हणाली, "निळ्ळू." काकू आत वळल्या आणि पेलाभर पाणी घेऊन आल्या.

"अहो, तिला फुगा हवाय," मी म्हणाले.

"फुगा कशाला ओ ताई? आमच्यात पाण्याला नीळ्ळु म्हणतात की."

पेला संपेपर्यंत मी उंबऱ्याबाहेर उभी होते. दोन दिवस माझं लेकरू माझ्याकडे पाणी मागत होतं आणि मी त्याला रंग दाखवत होते. काकूंवर राग काढावा तर कशासाठी? त्यांनी तिला तहान लागली की मागायला शिकवलं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. ऑफिसात कामात लक्ष लागेना. शेजारच्या टेबलावरची मुलगी तेलुगू घरातली आहे. तिच्याकडून मी तो शब्द नीट म्हणायला शिकले. जेवणाच्या सुट्टीत, परतीच्या रिक्षात, मनातल्या मनात तेच घोकत होते. लेकीला काय हवं हे परक्याच्या भाषेत कळलं तरी चालेल, पण मला कळायला हवं, एवढं मी ठरवलं होतं.

संध्याकाळी काकूंच्या दारात मी खालीच बसले आणि लेकीला विचारलं, "नीळ्ळु?"

काकू तोंडाला पदर लावून हसल्या. लेक माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं काकूंकडे बघितलं. काकूंनी मान हलवली, तशी ती माझ्या गळ्यात हात टाकून, पाठ केलेलं म्हणावं तसं, हळूच म्हणाली, "आई, पाणी."

"सकाळपास्नं तेवढंच शिकवलंय बघा ओ," काकू म्हणाल्या. "तुमचं तोंड बघवत नव्हतं."

मला दोघींकडेही बघवेना. काकूंनी पेला आणून दिला. लेकीला तहान लागलेलीच नव्हती. तिनं तो नुसता ओठाला लावला आणि उरलेलं सगळं पाणी माझ्या साडीवर ओतलं. मी तशीच बसून राहिले आणि तिला म्हणाले, "अजून एकदा माग."