काकूंनी आधीच पेटवलेला स्टोव्ह

२००५ च्या डिसेंबरात, एका शनिवारी संध्याकाळी, न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमधल्या एका घरात, चालू असलेला पेलेट स्टोव्ह पूर्ण थंड होऊ दिला आणि मग पुन्हा पेटवला. तो पेटला. वापरलेला होता, तरी तो घ्यायचं आम्ही तिथेच ठरवलं.

गरज आईच्या खोलीची होती. आमचं पार्सिपनीतलं घर जुनं, अर्धे अर्धे मजले वर-खाली असलेलं. कुठेही जायचं तर चार-सहा पायऱ्या. त्याला अपवाद एकच. सर्वांत खाली, पूर्वी गाडी ठेवायची जागा होती तिथे, आधीच्या मालकाने एक खोली आणि बाथरूम काढलं होतं. तिला बाजूने, बाहेरून थेट आत यायचं दार होतं. आईच्या गुडघ्यांना जिना चालत नव्हता, म्हणून ऑक्टोबरात ती नागपूरहून आली तेव्हा ती खोली तिला दिली. घराच्या भट्टीची गरम हवा त्या खोलीपर्यंत नेलेली नव्हती, हे आम्हाला नोव्हेंबरात कळलं. फरशी थेट जमिनीवर. विजेचा हीटर लावला, तर स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह सुरू होताच ब्रेकर पडे आणि दोन्ही बंद होत. महिनाअखेरीस आई दोन स्वेटर, कानटोपी आणि शाल अशी बसू लागली. पुढे बसणंही कमी झालं.

तिचं परतीचं तिकीट डिसेंबरअखेरचं होतं. ते मार्चअखेरपर्यंत पुढे न्यावं असं आम्हाला वाटत होतं, आणि त्याला कारण होतं. वडील आदल्या वर्षी गेले. नागपूरच्या फ्लॅटमध्ये ती एकटी राहत होती. ऑगस्टमध्ये ती बाथरूममध्ये पडली आणि सकाळी कामवाली येईपर्यंत कुणाला कळलं नाही. मार्चमध्ये मावशी नोकरीतून निवृत्त होणार होती आणि तिच्याकडे कायमची राहायला येणार होती. प्रश्न मधल्या तीन महिन्यांचा होता.

तिकिटाचा विषय काढला की आईचं उत्तर ठरलेलं असे. "मी आपली जाते. इथे दिवसभर पांघरुणात पडून असते. तिथे निदान उन्हात बसेन."

खोलीत खरोखरच थंडी होती.

त्या वर्षी दक्षिणेकडच्या वादळांनंतर घर तापवायचं तेल महागलं होतं आणि जो तो दुसरा उपाय शोधत होता. पेलेट स्टोव्ह हा त्यातला एक. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्या म्हणजे पेलेट. स्टोव्हच्या वरच्या डब्यात त्या ओतायच्या. खाली एक मळसूत्र फिरतं आणि थोड्या थोड्या कांड्या आगीत टाकत राहतं. पंखा गरम हवा खोलीत सोडतो. धूर भिंतीतून काढलेल्या नळीने बाहेर जातो, त्यामुळे धुराडं लागत नाही. आमच्या खोलीला हे सोयीचं होतं. दुकानदारांनी मात्र नवीन स्टोव्ह फेब्रुवारीच्या आधी मिळणार नाही असं सांगितलं. म्हणून जुन्याचा शोध सुरू झाला.

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे असा स्टोव्ह बरीच वर्षं होता. त्याने एकच सल्ला दिला. चालू स्टोव्ह बघू नका, थंड स्टोव्ह पेटताना बघा. आत विजेवर तापणारी एक सळई असते, तिच्यावर पहिली ठिणगी अवलंबून. सर्वांत आधी तीच जाते, आणि स्टोव्ह पेटलेला असताना ती गेली आहे की नाही हे कळत नाही.

पहिला स्टोव्ह एका माणसाच्या गॅरेजमध्ये पाहिला. नुकताच काळा रंग दिलेला, काच चकचकीत. मागच्या हिवाळ्यात उत्तम चालत होता, असं मालक म्हणाला. धूर काढायची नळी त्याने मोडीत दिली होती, त्यामुळे पेटवून दाखवणं शक्य नव्हतं. त्याच्या म्हणण्याला दुजोरा देणारं गॅरेजमध्ये काही नव्हतं. आम्ही परत फिरलो. दुसरा स्टोव्ह आम्ही रस्त्यात असतानाच विकला गेला.

तिसऱ्याची माहिती मराठी मंडळाच्या ईमेलमधून मिळाली. विकणारे काका निवृत्त डॉक्टर होते. भूल देण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. आता काका-काकू ॲरिझोनात मुलीजवळ राहायला जाणार होते आणि तिथे स्टोव्हचा उपयोग नव्हता. आमची ओळख नव्हती. फोनवर काकूंनी कोण कुठले ते विचारून घेतलं आणि आई घरी आहे हे कळल्यावर तिलाही घेऊन या, जेवूनच जा, असं सांगितलं.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. दार उघडताच उबेची लाट अंगावर आली. आई स्टोव्हसमोरच्या खुर्चीत बसली. चहा येईपर्यंत तिची शाल मांडीवर आली होती आणि चहा संपता संपता वरचा स्वेटर उतरला. असं तिने आमच्या घरी पंधरवड्यात केलं नव्हतं.

"तुम्ही गारठून येणार म्हणून सकाळपासून लावून ठेवलाय," काकू म्हणाल्या.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

चालू स्टोव्हमध्ये जे बघता येतं ते सगळं ठीक होतं. ज्योत पिवळीधमक, काच स्वच्छ, पंख्याचा आवाज एकसारखा. जे बघायला आम्ही तासभर गाडी चालवून आलो होतो, तेवढं दिसत नव्हतं. यजमानांनी आपल्यासाठी पेटवलेली आग विझवून दाखवा, असं दुसऱ्याच्या घरात बसून म्हणायचं कसं, हा प्रश्न होता. चिवडा झाला. ॲरिझोनातल्या नातवंडांचे फोटो झाले. बाहेर अंधारून आलं तशी काकूंनी देवापाशी दिवा लावला. एडिसनहून एक कुटुंब उद्या दुपारी स्टोव्ह बघायला येणार आहे, असं काका बोलता बोलता म्हणाले. त्यानंतर मी विचारलं.

"काका, हा बंद करून परत पेटवून बघता येईल का?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "आत्ता? दिवेलागणीला? पेटलेलं विझवायचं नसतं या वेळी. एवढं तरी मी पाळते."

"हजारो माणसं झोपवली मी," काका आम्हाला म्हणाले. "घरात एक स्टोव्ह झोपवायची परवानगी नाही."

"तुमची माणसं उठायची. हा उठला नाही तर?"

काका हसले नाहीत. मुद्दा बरोबर होता. एकदा नोव्हेंबरात लावला की आपण तो बंदच करत नाही, असं त्यांनी सांगितलं. राख काढण्यापुरता थांबवतात, पण तोवर आत निखारे असतात आणि नवीन कांड्या त्यावरच पेट घेतात. "पूर्ण गार झालेला पेटतो का, ते मलाच माहीत नाही. खोटं कशाला सांगू?"

पुढच्या शनिवारी दिवसाउजेडी येतो, असं नवरा म्हणाला, पण तोपर्यंत एडिसनचे लोक स्टोव्ह घेऊन जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. आई इतका वेळ ज्योतीकडे बघत बसली होती. ती काकूंना म्हणाली, "विझवू नका. त्याला खायला घालू नका. आपला आपण शांत होईल."

काकूंनी विचार केला. "तसं चालेल," त्या म्हणाल्या.

काकांनी स्टीलच्या वाडग्याने वरच्या डब्यातल्या कांड्या उपसून बादलीत काढल्या. मळसूत्रात उरलेल्या तेवढ्या खाली पडत राहिल्या. ज्योत अर्धी झाली, मग तळाशी गेली, मग लाल ठिपके राहिले आणि तेही गेले. पंखा आणखी बराच वेळ चालला. तो थांबला तेव्हा स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला.

स्टोव्ह गार होईपर्यंत जेवण उरकलं. खिचडी, कढी, भाजलेला पापड. काकांचं डॉक्टरीचं शिक्षण नागपुरात झालं होतं, त्यामुळे आई आणि ते गप्पांत सीताबर्डीवरून धंतोलीत आणि तिथून आईच्या गुडघ्यांवर आले. ऑगस्टमध्ये काय झालं ते त्यांनी विचारलं. आईने सांगितलं. पडल्यावर हाताला आंघोळीचा मग लागला, तो आपण बादलीवर वाजवत राहिलो, शेजारच्यांना वाटलं असेल बाई पहाटेपर्यंत कपडे धुतेय, असं सांगून ती हसली. मग वाजवल्याची गोष्ट तिने आम्हाला सांगितलेली नव्हती. नवऱ्याने चमचा खाली ठेवला.

"एकट्याच राहता?" काकांनी विचारलं.

"मार्चपर्यंत. मग बहीण येतेय."

खोली एव्हाना गार पडली होती. आईने स्वेटर घातला, थोड्या वेळाने शालही घेतली. काकूंनी तिच्या पायांवर आपली रजई टाकली.

काकांनी स्टोव्हला हात लावून पाहिला आणि गार आहे म्हणाले. त्यांनी दार उघडून ब्रशने राख काढली. नवऱ्याने दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि पट्टी ओढून पाहिली. ती निघाली नाही. दाराच्या कडेला बसवलेली दोरी घट्ट होती, म्हणजे तिथून धूर येणार नव्हता. मग बादलीतल्या कांड्या परत डब्यात ओतल्या आणि काकांनी बटण दाबलं.

पंखा फिरला. मळसूत्राची घरघर झाली आणि काही वेळाने कांड्या टपटप खाली पडू लागल्या. त्यानंतर काही झालं नाही. याला काही मिनिटं लागतात, असं पुस्तिकेत लिहिल्याचं काकांनी सांगितलं. काकू पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. काचेमागे करडा धूर साठला, इतका की आतलं दिसेनासं झालं. नवरा गुडघ्यांवर बसून काचेत बघत होता. आई खुर्चीतून पुढे वाकली.

धुराच्या तळाशी एक तांबडा ठिपका दिसला. तो रुंदावला. मग भसकन ज्योत उठली आणि धूर वर ओढला गेला.

"धरला," आई म्हणाली.

"उठला गं," काका काकूंना म्हणाले.

"दिसतंय मला." काकूंनी देवाच्या दिव्याला करतात तसा स्टोव्हला हात जोडून नमस्कार केला आणि कढी कुणाला हवी का विचारलं. सगळ्यांनी घेतली. नवरा गालिच्यावर पाय पसरून बसला आणि त्याने वाटी तोंडाला लावून संपवली. काकांनी लगेच एडिसनला फोन करून स्टोव्ह दिल्याचं कळवलं. खोली पुन्हा तापायला फार वेळ लागला नाही. आईची शाल परत मांडीवर आली.

दिवेलागण झाल्यावर घरातली चीज बाहेर द्यायची नसते, त्यामुळे स्टोव्ह दुसऱ्या दिवशी सकाळी न्यावा, असं काकूंनी सांगितलं. आमच्याकडे ट्रक नव्हताच. रविवारी भाड्याचा ट्रक आणि दोन मित्र घेऊन नवरा गेला. स्टोव्ह उचलायला तिघे लागले, त्यात काका धरलेले नाहीत, कारण काकूंनी त्यांना धरू दिलं नाही. डबा रिकामा करूनच न्यावा लागतो म्हटल्यावर रिकाम्या पोटी कसा पाठवू, असं म्हणत त्यांनी कांड्यांचं अर्धं पोतं वेगळं बांधून दिलं. सोबत आईसाठी डिंकाचे लाडू होते.

पुढच्या आठवड्यात स्टोव्ह बसवायचा परवाना निघाला. बसवणाऱ्याने खोलीच्या भिंतीला भोक पाडून नळी बाहेर काढली आणि स्टोव्हसाठी स्वतंत्र वायर ओढली. त्यानंतर मायक्रोवेव्ह लावल्यावर ब्रेकर पडला नाही. टाउनशिपचा इन्स्पेक्टर आला. त्याने स्टोव्ह आणि भिंत यांच्यातलं अंतर मोजलं, नळी हलवून पाहिली, पेटवायला सांगितलं. तो आमच्याकडेही थंड असताना पेटला. इन्स्पेक्टरने सही केली.

वीज गेली तर काय, असं आईने त्याच दिवशी विचारलं. वीज गेली तर पंखा आणि मळसूत्र थांबतं आणि स्टोव्ह बंद पडतो, असं नवऱ्याने तिला सांगितलं. "म्हणजे तोही माझ्यासारखाच, एकट्याने काही जमत नाही," ती म्हणाली. डब्यात कांड्या घालायचं काम तिने आपल्याकडे घेतलं. डबा कमरेच्या उंचीवर होता, वाकावं लागत नव्हतं. सकाळ-संध्याकाळ ती वाडग्याने कांड्या घाले आणि संध्याकाळी आधी देवापाशी दिवा लावून मग काचेसमोर बसे. कानटोपी खुंटीवर गेली. नागपूरला मावशीशी फोनवर बोलताना तिने दोनदा स्टोव्हचं वर्णन केलं, दोन्ही वेळा मळसूत्रासकट.

एका सकाळी मी खाली गेले, तर ती एका स्वेटरवर टेबलाशी मटार सोलत बसली होती. तिने वर न बघता सांगितलं, "जावयांना म्हणावं, त्या तिकिटाचं काय ते बघून टाका."

"मार्चअखेरचं करायचं?"

"मावशी एकतीस तारखेला मोकळी होतेय. त्याच्या आधी जाऊन मी काय करू?"

दुपारी नवऱ्याने ऑफिसातून एअरलाइनला फोन केला. तारीख बदलून मिळाली. आईने कडेची सीट मागायला सांगितली होती, पाय पसरता यावेत म्हणून. तीही मिळाली.