नणंदेचं बक्षीसपत्र

मी बी.ए. झालो त्या वर्षी आत्याने आपलं घर माझ्या आईच्या नावावर करायचं ठरवलं. पनवेलजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात तिच्या दोन कौलारू खोल्या होत्या, मिठागरात राबून तिने स्वतः घेतलेल्या. आत्या विधवा, मूलबाळ नाही. माझे वडील वारल्यावर आम्हा दोघांना तिनेच तिथे आणलं आणि माझं कॉलेजही तिच्याच मजुरीवर झालं. तिच्या सासरचे दोन पुतणे अधूनमधून येऊन भिंती बघून जात. आत्याच्या मागे घर आपलंच, असं ते धरून चालले होते, आणि मूल नसलेल्या विधवेचं घर नवऱ्याच्या वारसांकडे जातं, म्हणून कायदाही त्यांच्याच बाजूने होता. तसं झालं तर आईला छप्पर नव्हतं.

आत्याच्या मते काम केव्हाच झालं होतं. "देवळासमोर पाच माणसांत बोलले ना मी? मग झालं!" मला वाटत होतं, फार तर कागदावर लिहून घेऊ. पनवेलच्या वकिलांनी माझं शहाणपण दोन मिनिटांत उतरवलं. घर तोंडी देता येत नाही. दस्त हवा, त्यावर देणारीचा अंगठा हवा, तो उठताना पाहणारे दोन साक्षीदार हवेत आणि दस्त कचेरीत नोंदवायला हवा. "शिवाय घेणारीने ते स्वीकारलं पाहिजे, आणि तेही देणारी हयात असताना," ते म्हणाले. मग आत्याकडे वळून त्यांनी बजावलं, "बाई, एकदा दिलं की मन बदललं म्हणून परत मिळायचं नाही."

"परत घेऊन ठेवू कुठं, सरणावर?" आत्या म्हणाली. तिला तेव्हा चार पावलांवर धाप लागत होती.

कच्चा मसुदा मी घरी मोठ्या अभिमानाने वाचून दाखवला. आई बोंबील साफ करत होती. 'बक्षीसपत्र' हा शब्द येताच तिचा हात थांबला.

"बक्षीस वाजंत्र्याला देतात. मी काय वाजवलंय हिच्या दारात?"

"तोंड वाजवतेस की रोज," आत्या म्हणाली.

आई हसली नाही. मी घाईने म्हणालो, दानपत्र असंही लिहिता येतं.

"म्हणजे आता भिकारीण केलीस."

चार दिवस ती बधली नाही. नणंदेचं घर लाटलं, असं गाव म्हणेल, ही तिची खरी भीती होती. मी कायदा समजावत राहिलो आणि ती भांडी घासत राहिली. शेवटी आत्याच बोलली, "वयनी, तुझा नवरा दर भाऊबीजेला माझ्या ताटात ओवाळणी टाकायचा. मी घेतली का नाय? मला कुणी भिकारीण म्हटलं? मग त्याच्या बायकोला माझ्या हातचं घ्यायला लाज कसली?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी आई आमच्या आधी चांगलं लुगडं नेसून दारात उभी होती.

कचेरीत कारकुनाने वाचलं, "सदर मिळकत मी स्वीकारली आहे."

"स्वीकारली म्हंजे?" आईने विचारलं.

"घेतली," मी म्हणालो.

"मग 'नणंदेकडनं घेतली' असं लिवा."

"बाई, नणंदेचं नाव वर आहेच," कारकून हसून म्हणाला. आईने ते मला बोट ठेवून दाखवायला लावलं आणि मगच अंगठा उठवला.

त्यानंतरचा एक पावसाळा आत्याने काढला. तेराव्याला पुतणे आले. हातपाय धुण्याआधीच त्यांनी कागद मागितला. थोरल्याने तो शिक्क्यांसकट वाचला. साक्षीदारांपैकी एक आमचे हेडमास्तर होते आणि ते तिथेच बसले होते.

"गुरुजी, तुमी काकीचा अंगठा सोता बघितला?"

"समोर बसून. तिने माझ्यादेखत शाई लुगड्याला पुसली."

थोरल्याने कागदाची घडी घालून परत दिला. "मग आमी आलो कशाला?" धाकटा पुटपुटला.

"जेवायला," आई आतून म्हणाली. "बसा, पानं मांडलीत."