बॉनेटवरची चांदणी

मुलांनो, मागे पाठवलेल्या फोटोत कोठीच्या भिंतीला टेकवलेला एक गंजका निळा पत्रा तुम्हाला दिसला आणि "आजी, हे भंगार घरात कशाला?" असं तुम्ही विचारलंत. ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. त्याची गोष्ट ठाऊक असलेली आता मी एकटीच उरले आहे.

सत्तरच्या दशकात तुमच्या आजोबांनी लष्कराच्या लिलावातून एक जुनी जीप घेतली. एकोडीच्या आमच्या अंगणात ती उभी राहिली तेव्हा धानाची मळणी चालली होती, हवेत तणसाचा वास होता. लष्करी रंग काढल्याशिवाय पासिंग होणार नव्हतं. पेंटर येऊन खरवडायला बसला. हिरव्याखाली मातकट रंग निघाला, त्याखाली पुन्हा हिरवा, त्यावर कसल्या कसल्या खुणा नि आकडे, आणि बॉनेटवर गोल कड्यातली पांढरी चांदणी.

"थांब रे पेंटरभाऊ!" आत्याबाई ओसरीवरून ओरडल्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. त्यांचे यजमान मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, फौजेचे ड्रायव्हर होते. ब्रह्मदेशात गेले ते आलेच नाहीत. आत्याबाई कुंकू लावत नसत, पण हिरव्या बांगड्याही त्यांनी कधी उतरवल्या नव्हत्या.

"त्यायचीच गाडी होय हे," त्या म्हणाल्या. "सुट्टीवर आले तवा सांगतलं होतं मले, माह्या गाडीवर चांदणी हाये म्हणून. सूनबाई, तू त इंग्रजी शिकली. पाह्य बरं वाचून."

मी नागपूरहून लष्करी गाड्यांवरच्या खुणांचं एक इंग्रजी पुस्तक मागवलं. तोवर जीप अर्धी खरवडलेली तशीच राहिली. पेंटर रोज डोकावून जायचा. "वहिनी, तुमचं वाचन होईस्तोर माहा रंग डब्यातच वाळून जाईन!"

सकाळी तलावावरचं धुकं अंगणात शिरायचं. चाकं दिसेनाशी व्हायची, आणि जीप कुठेतरी चालली आहे असं वाटायचं. आत्याबाई बॉनेटवर हात ठेवून शेजारी उभ्या असत, जणू त्याही तिच्याबरोबर निघाल्या होत्या.

पुस्तक आलं. नंबराजवळचा बाण म्हणजे लष्कराची मालमत्ता. चाकावरचे आकडे टायरच्या हवेचे. पिवळ्या गोलातला आकडा पुलासाठी, गाडी किती भाराची ते सांगणारा. आणि चांदणी? तिच्याबद्दल वाचून मी पुस्तक मिटलं. संध्याकाळी आत्याबाईंजवळ जाऊन बसले.

"आत्याबाई, ही चांदणी एका गाडीची नाही. आपल्या बाजूच्या हजारो गाड्यांवर असायची. वरून विमानवाल्यांना आपली गाडी ओळखू यावी म्हणून."

"आपल्याच इमानानं आपल्याले मारू नये म्हणून?"

"हो."

त्यांनी उठून चांदणीवरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "म्हंजे त्यायच्याबी गाडीवर होती ना?"

"होती."

"खोटं नाई बोलले मंग." दुसऱ्या दिवशी त्यांनीच पेंटरला बोलावलं. "मार रंग, भाऊ. खाली त राहीनच ते."

जीप निळी झाली, पास झाली, बरीच वर्षं चालली. ऐंशीच्या दशकात ती भंगारात गेली तेव्हा आत्याबाईंनी बॉनेट तेवढं काढून ठेवायला लावलं. पुढे त्याही गेल्या.

बॉनेट कोठीत आहे. सकाळचं तिरपं ऊन पडलं की निळ्या रंगाखालून चांदणीची कड वर आलेली दिसते. पाचही टोकं शाबूत आहेत.