कॉफीची हातचक्की घेऊन रबाळे ते तळोजा

निघायचं ठरलं ते कमलच्या एका वाक्यावर. सकाळी ती म्हणाली, “ती चक्की भंगारात देऊन टाका. मी आपला चहाच घेईन.”

कमल माझी बायको, बेळगावची. लग्नात तिच्याबरोबर कॉफीच्या बिया दळायची हातचक्की आली. लाकडी पेटी, वर दांडा, खाली भुकटी पडायचा खण. घर उठायच्या आत ती पेटी गुडघ्यांत धरून कपभर बिया दळायची आणि गॅलरीत एकटीच कॉफी प्यायची. दिवसातला तेवढाच वेळ तिचा. गेल्या वर्षी अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. उजवा हात वाचला, डाव्या अंगातला जोर गेला. तेव्हापासून मी दळून देतो. पण माझं दळणं म्हणजे सोबत प्रश्न. जाड झाली का, गोळी घेतलीस का, इथं वारा लागतोय का. बिचारी उत्तरं देते आणि कॉफी गार होते. तिला कॉफी कुणी करून द्यायला नकोच होती. स्वतःची स्वतः, एकटीनं हवी होती. हे मला कळत होतं, म्हणून तर जास्त काळजी.

माझी शाळा सातवीत सुटली. नंतर सगळा जन्म रबाळ्याच्या एमआयडीसीत लेथवर, टर्नर म्हणून. “दांडा फिरत नाही,” असं ती झटक्यानंतर म्हणायची, तेव्हा माझ्या डोक्यात टर्नरचंच उत्तर आलं. दांडा लांब करा, जोर कमी लागेल.

नेरुळहून ठाणे-बेलापूर रोडची बस लवकर पकडा, उशिरा बसायला मिळत नाही. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो आणि दर स्टॉपला स्क्रू तपासत राहिलो. चक्की खोलून, सुटे भाग रुमालात बांधून नेली होती. न्यायची असेल तर तुम्ही खोलू नका, निम्मा जीव त्या रुमालात अडकतो. आणि आधी फोन करा, वर्कशॉपची सुट्टी रविवारीच असते असं नाही. मी दोनदा केला होता, तरी पोचेपर्यंत खात्री नव्हती.

दत्तू माझा जुना सोबती, आता त्याचा स्वतःचा छोटा गाळा आहे.

“सदा, रिटायर होऊन पण काम घेऊन येतोस होय रे?”

“काम नाही. कॉफीची चक्की आहे.”

“वहिनींना मिक्सर घेऊन दे की, चिकट माणसा.”

“मिक्सरनं सगळी सोसायटी उठते. तिला ते नको.”

त्यानं मधला शाफ्ट धरून हलवला. खालचा बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी, पार झिजला होता. शाफ्ट डोलतो, दाते एका बाजूला जवळ आणि दुसरीकडे लांब राहतात, म्हणून निम्मी भुकटी होते आणि निम्मे तुकडे. अशी चक्की घेताना दांडा वर-खाली आणि आडवा हलवून बघा. डोलत असेल तर घेऊ नका. दत्तूनं लेथवर पितळेचा नवा बुश काढला, नंतर जुन्या दांड्याच्या दीडपट लांब दांडा.

“रॉकेलनं धुऊ नकोस हं. खायची वस्तू आहे.”

“नाही रे.”

“तेल पण नको.”

“सदा, तू बाहेर जा आणि वडापाव खा.”

गेलो. वडा गरम होता, पण माझं अर्धं लक्ष लेथच्या आवाजात.

दाते बोथट झाले होते. त्यांना धार लावायचं मशीन तळोज्याला. दत्तूचा माल तिकडंच चालला होता, म्हणून टेम्पोत बसलो. महाप्यावरून शीळफाटा, पुढे तळोजा. रस्त्यात ट्रकच ट्रक. कंबरेचा त्रास असेल तर हा रस्ता टाळा. वाटेत मी मनात चक्की सुधारत होतो. बारीक-जाड करायचा नट आपोआप सरकतो, त्याला खटके हवेत. वरची मूठ स्वतःभोवती फिरली पाहिजे, नाहीतर तळहात सोलतो. बी टाकायचं तोंड रुंद हवं, एका हातानं टाकलं तर निम्म्या बिया बाहेर जातात. बरंच सुचत होतं. बरं वाटत होतं.

तळोज्याला मशीनवाल्या शेखभाईंनी दात्यांना धार लावून दिली. मी चक्की जोडली, खिशातल्या बिया टाकल्या, आणि घरी चालेल की नाही हे बघायला डावा हात पाठीमागे घेतला. एका हातानं दांडा फिरवला. बिया अडकल्या, मी जोर दिला, आणि दांड्याऐवजी पेटीच फिरली. टेबलाच्या कडेवरून मांडीवर आली.

“चाचा, दूसरा हाथ लगाओ ना.”

“दुसरा हात नाही, तीच तर भानगड आहे.”

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग सांगितलं. ते म्हणाले, “तो क्लॅम्प लगाओ.” पण क्लॅम्पनं पेटी आवळायला टेबल लागतं, ते आमच्या गॅलरीत मावत नाही, आणि आवळायलाही दुसऱ्या हातानं पेटी धरावी लागते. मी बाहेर पायरीवर बसलो. हवेत केमिकलचा वास, चहा पाण्यासारखा. फिरवायला जोर कमी पडत नव्हता, धरायला पडत होता. आणि मी दांडा लांब करून पेटी उलटायलाच मदत केली होती. वर्षभर रोज तिच्यासमोर बसून मी हातातल्या दांड्याकडेच बघत होतो.

कळंबोलीवरून बस बदलून नेरुळला आलो. तसंच घरी जाववेना, म्हणून जवळच्या सारसोळ्याच्या मासळीबाजारात शिरलो. एक कोळीण बाई मोठा मासा कापत बसली होती. कोयतीची, म्हणजे विळीची, फळी खाली, फळीवर तिचा पाय, दोन्ही हात मोकळे. मासा दणकट, पण फळी तसूभर हलत नव्हती. मी उभाच राहिलो.

“काय बाबा, मावरा घेताव का नुसता बगताव?”

“ही फळी सरकत नाही?”

“कशी सरकंल? माजा भार हाय तिच्यावर. बारीक हाय का मी?”

शेजारणी हसल्या. मी मासा घेतला. आमच्याकडे त्या दिवशी उपास होता, हे घरी आल्यावर कळलं.

दिवाणाची एक जुनी फळी होती. तिच्या एका टोकाला चक्की खालून स्क्रूनं बसवली. दुसरं टोक खुर्चीवर, वर पातळ उशी, त्यावर कमल बसणार. चक्की समोर दोन गुडघ्यांच्या मध्ये.

“काय करून आलासा हे?” कमल म्हणाली.

“बस तर.”

बसली. दांडा फिरवला आणि थांबली. “गुडघ्याला लागतंय.”

लांब दांडा काढला, जुना लावला. पेटी हलली नाही. तिनं चिमूटभर भुकटी बोटांत चोळून बघितली. मग फळी खुर्चीसकट गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवायला सांगितली, सकाळसाठी.

दत्तूचा लांब दांडा पडून आहे. बुश आणि धार कामाला आली. कंबर अजून दुखते. कुणी अशी चक्की बनवत असेल, तर आधी ती धरणार कोण हे विचारावं, दात्यांचं नंतर.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली, तसा मीही उठलो. खुर्ची नीट आहे का बघायला.

“जाऊन पडा जा. माझ्या मागं उभं राहू नकासा.”

पडलो. गॅलरीतून घरघर सुरू झाली. मग मध्येच थांबली. फळी सरकली का, तोल गेला का, हात दुखला का. मी पाय खाली सोडले. चपला शोधल्या. तेवढ्यात घरघर पुन्हा सुरू झाली, सावकाश.

मी पाय परत वर घेतले.