आबांचा प्रश्न, दोघांना मंजूर

आमच्या घरी टीव्ही आबा लावत आणि टीव्हीशी आबाच बोलत. आबा म्हणजे माझे आजोबा. गल्लीतल्या बाकी घरांत मालिका चालायच्या, आमच्याकडे सरकारी वाहिनीवरच्या बातम्या. मंत्री काही बोलला की आबा त्याला तिथल्या तिथे उत्तर देत, आणि तो ऐकून घेत नाही याचा त्यांना खरोखर राग येई. आई म्हणायची, यांना एकदा त्या टीव्हीच्या आत नेऊन सोडा.

ती संधी आली तेव्हा मी धुळ्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि माझं कॉलेज सुटायच्या बेतात होतं. आमचं गाव सोनगीरपासून बरंच आत. सकाळी थेट धुळ्याला जाणारी बस बंद झाली होती. सोनगीर फाट्यावर जाऊन दुसरी गाडी धरता आली असती, पण पोरीनं एकटीनं हायवेवर जाऊन उभं राहायचं नाही, असं वडिलांनी ठरवून टाकलं. दिवाळीपर्यंत निम्मे तास बुडवून दुपारच्या बसने जायचं; तोवर सकाळची बस सुरू झाली तर कॉलेज, नाही तर दिवाळीनंतर घरी. माझा इतका संताप झाला होता की त्यांच्या ताटात भाकरी वाढताना मी ती मुद्दाम आपटायचे. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. भाकरी मात्र खाल्ली.

त्यातच सरकारी वाहिनीने आमच्या कॉलेजच्या सभागृहात चर्चेचा कार्यक्रम ठेवला. निवडणूक तोंडावर आली होती. राज्याचं राजकारण, बेरोजगारी, मुलींचं शिक्षण असे सगळे भारदस्त विषय होते. एक नेते सत्तेतले, एक विरोधातले, दोघेही खानदेशाबाहेरचे पाहुणे. आम्हा मुलांपैकी काहींनी प्रश्न विचारायचे होते, पण ते आधी दाखवून. मी बसचा प्रश्न दिला. कार्यक्रमाच्या निर्मात्या बाईंनी गोड हसून तो बाजूला ठेवला. फारच स्थानिक आहे म्हणाल्या, आणि मला दुसरा दिला: खानदेशच्या सर्वांगीण विकासाबाबत आपली भूमिका काय? या प्रश्नाला उत्तर नाही मिळालं तरी कुणाचं काही अडत नव्हतं, म्हणूनच तो पसंत पडला असावा.

मुलगी टीव्हीवर दिसणार म्हटल्यावर वडिलांनी शर्टाला इस्त्री करून आणली आणि सगळ्या गल्लीत सांगून आले. जे कॉलेज बंद करायचं होतं, तिथेच हे मिरवायला निघाले होते. मी तसं तोंडावर बोलले. आई पदराआड हसली, वडील मोटारसायकल पुसत राहिले. मी येऊ का, असं आबांनी विचारलंच नाही. ते धुतलेली टोपी घालून आधीच बसले होते. आम्ही तिघं एका मोटारसायकलवर धुळ्याला गेलो.

सत्तेतल्या नेत्यांनी सुरुवातीलाच "राम राम मंडई, कसं काय शे?" असं पाठ केलेलं अहिराणी म्हणून टाळ्या घेतल्या. विरोधातले मागे राहतील कसे? त्यांनी सांगितलं की त्यांची आजी खानदेशची, अहिराणी त्यांच्या रक्तातच आहे. आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मिशा हलल्या की घरात काहीतरी घडतं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

माझी पाळी आली. मी माईक घेऊन उभी राहिले, आणि शेजारी बसलेल्या आबांनी तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला. निर्मात्या बाई लांबून हातवारे करायला लागल्या, पण कॅमेरा चालू होता आणि टोपीवाल्या म्हाताऱ्याला सगळ्यांच्या देखत खाली कोण बसवणार? आबा आईकडे पुरणाचा अजून एक मांडा मागताना जो आवाज काढत, त्या आवाजात बोलले.

"सकायनी बस बंद पडनी. मनी नात कॉलेजले कशी जाई? बस चालू व्हस तवलोंग तुमनी एक गाडी रोज आमना गावले धाडा. आनि तवलोंग पोरनं कॉलेज कोनी बंद करानं नही. मंजूर शे का?"

अहिराणी न येणाऱ्यांसाठी सांगते: बस सुरू होईपर्यंत तुमच्या ताफ्यातली एक गाडी रोज आमच्या गावाला पाठवा, आणि तोवर पोरीचं कॉलेज कुणीही बंद करायचं नाही. दोन्ही नेत्यांना यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. पण अहिराणी रक्तात असल्यावर विचारता थोडंच येतं? सत्तेतले म्हणाले, आबांनी आमच्या मनातलं सांगितलं, शंभर टक्के मंजूर. विरोधातल्यांनी टेबलावर हात ठेवून सांगितलं की आमचं सरकार आलं तर याच्या दुप्पट करू. मग मात्र सभागृहात हशा फुटला. पोरं बाकं बडवायला लागली. नेत्यांना वाटलं आपण जिंकलो, त्यांनीही हात जोडले.

हे सगळं कापून टाकतील अशी माझी खात्री होती. पण काटछाट करणाऱ्यांनाही बहुधा अहिराणी येत नव्हती, त्यामुळे प्रश्न जसाच्या तसा लागला. गावातल्या पोरांनी दोन्ही नेत्यांचे फोटो शेजारी शेजारी लावून आभाराचा फ्लेक्स उभारला आणि तो कुणी उतरवायचा यावरून दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते भांडले. पुढे त्या दोघांनीही पक्ष बदलले, त्यामुळे आता कुणाचा शब्द कुणी पाळायचा हेही कळेनासं झालंय. गाडी कुणीच धाडली नाही.

पण कार्यक्रम लागला त्या रविवारी आमच्या घरात झालं ते वेगळंच. ओटा माणसांनी भरला होता. आबांचा प्रश्न आला, दोघांचं मंजूर आलं, सगळे पोट धरून हसले. आणि मग कॅमेरा श्रोत्यांवर फिरला. इस्त्रीचा शर्ट घातलेले माझे वडील पडदाभर दिसले. खुर्चीतून अर्धे उठलेले, तोंडभर हसत, आबांच्या प्रश्नाला जोरजोरात टाळ्या वाजवत होते.

ओट्यावरचं हसू हळूहळू थांबलं. आबांनी रिमोट घेऊन आवाज बंद केला. इतका वेळ आपण नेत्यांची फजिती बघत होतो, आणि आबांनी प्रश्न विचारला होता तो दुसऱ्यालाच, हे मला तेव्हा उमगलं. आबा वडिलांकडे वळले.

"त्या दोन्हीस्ले काहीच समजनं नही. तुले तर समजनं ना?"

वडील उठून अंगणात गेले आणि फडकं घेऊन मोटारसायकल पुसायला लागले. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं की फाट्यावर धुळ्याची पहिली गाडी किती वाजता येते.