आत्याच्या कानातली गाणी

आत्या गेल्याची तार शाळेत आली, तेव्हा मी मुलांना पेटीवर सूर देत होतो. नांदेडहून औशाला पोचेपर्यंत तिची माती झाली होती. आता महिना होत आला, पण डोळ्यांपुढे येते ती हसणारी आत्याच...

साठीनंतर नागम्माआत्या ठार बहिरी झाली. लातूर वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी एका सकाळी ती सुनेला म्हणाली, "शांता, कोण गाऊन राहिलंय बघ गं." गल्लीत कोणीच नव्हतं. मग रोजच तसं होऊ लागलं. आत्या एकटीच मान डोलवायची आणि शांतावहिनी घाबरायची. कोणी म्हणालं बाहेरचं आहे, कोणी म्हणालं वेड लागलं. लोकांच्या खुणांवरून ते तिला कळलं आणि तिनं माणसांत बसणंच सोडलं.

मी तिला लातूरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कान तपासले आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आजी, बाहेरचं ऐकू येईनासं झालं की कधी कधी मेंदू साठवलेली जुनी गाणी आपणच वाजवतो. हे वेड नाही.' चौथी शिकलेल्या आत्यानं बोट फिरवत ते दोनदा वाचलं.

"म्हंजे मी येडी न्हाई!" ती ओरडलीच. "पर डाक्टर, गाणी बंद न्हाई ना होणार?"

डॉक्टरांनी 'का?' अशी खूण केली. आत्या म्हणाली, "दुष्काळात खडी फोडताना आम्ही बाया गायचो. तवा पोटात आग अन् हाताला फोड... गाणं कोण ऐकतंय? आता निवांत ऐकून राहिले."

परतताना बसमध्ये ती खुशाल गायला लागली. अख्खी बस वळून बघू लागली. मी खूण केली, तर म्हणाली, "भाईर ऐकू येतंय व्हय? मला वाटलं मनातच गाऊन राहिले!" कंडक्टरसुद्धा हसला.

घरी मी पेटी लावून बघितली. स्वतःचा आवाज ऐकू न येणाऱ्या आत्याचा सूर जराही हलत नव्हता. हे कसं, ते मला अजून उमगलेलं नाही. मग दुपारी गल्लीतल्या बाया तिच्याकडे गाणी शिकायला जमू लागल्या. शांतावहिनी तेवढी कधी बसली नाही.

परवा गेलो, तेव्हा वहिनी चुलीपुढे भाकरी थापत गात होती. खडीवरचंच गाणं, शब्दन् शब्द.

"वहिनी, हे कधी शिकलात?"

"शिकले कुठं, भाऊजी? थापाया बसलं की आपोआप येतंय."

तव्यावरची भाकरी करपत होती. पण कडवं संपेपर्यंत वहिनीनं ती उलटली नाही.